जुन्या दुर्बिणीची न फिरणारी कडी

पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या गावात जुनी दुर्बीण साधारण तीन वाटांनी येते. पहिली वाट शिकारीच्या काळाची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी या भागातल्या जंगलांत परवाना काढून शिकार चाले. त्या काळातली एखादी रायफल वारसाने, रीतसर परवान्यासह घरात राहते आणि तिच्यावर बसवलेली लांबट नळीची दुर्बीणही तिच्यासोबत राहते. दुसरी वाट मोजणीची. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. धरण, कालवे आणि रस्ते आखायला ज्या लेव्हल आणि थिओडोलाइट लागत, त्यांचा गाभा म्हणजे दुर्बीणच. डिजिटल यंत्रं आली तशी ही जुनी यंत्रं कपाटांत आणि माळ्यांवर गेली. तिसरी वाट अलीकडची. २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झालं, जंगल पाहायला येणारे वाढले आणि गळ्यात दोन डोळ्यांच्या दुर्बिणी दिसू लागल्या. त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या.

या तिन्ही दुर्बिणींचं दुखणं एकच असतं. भिंगं धड असतात, नळी सरळ असते, पण फोकसची कडी हलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘आण रे तो पाना.’ जुन्या दुर्बिणींचा खरा घात इथे होतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने जेवढं नुकसान झालेलं नसतं, तेवढं पक्कड लावल्यावर पाच मिनिटांत होतं. कडी कशाने धरली आहे हे आधी ओळखलं, तर बहुतेक कड्या हाताने सुटतात. कारण न ओळखता लावलेला जोर मात्र कडीला आणखी आवळतो.

कोणती कडी कशासाठी

रायफलीवरच्या जुन्या दुर्बिणीत फिरणारे भाग मोजकेच असतात. डोळ्याकडच्या टोकाला नेत्रिकेची कडी असते. ती फिरवली की नेत्रिका पुढे-मागे सरकते आणि आतली फुली, म्हणजे क्रॉसहेअर, आपल्या नजरेला स्पष्ट दिसते. तिच्या पुढे बहुधा एक पातळ कडी असते. ती चेक नटचं काम करते: जागा ठरली की तिने नेत्रिकेला आवळून ठेवायचं. नळीच्या मध्यावर दोन घुंड्या असतात. वरची घुंडी नेम वर-खाली करते, बाजूची डावी-उजवीकडे. काही दुर्बिणींत पुढच्या भिंगाभोवती अंतर जुळवायची कडी असते आणि कमी-जास्त मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत आणखी एक कडी. लेव्हल किंवा थिओडोलाइटमध्येही नेत्रिका आणि फोकसची घुंडी असते. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीत मधलं चाक असतं आणि उजव्या डोळ्याची वेगळी कडी.

हे सगळे भाग बारीक आट्यांवर फिरतात. आट्यांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. त्या फटीत ग्रीसचा पातळ थर भरलेला असतो. तो नुसता वंगणासाठी नसतो. कडी फिरवताना जो मऊ, संथ विरोध जाणवतो, तो या घट्ट ग्रीसमुळेच. त्याच्यामुळे कडी लावलेल्या जागी थांबते आणि ओल-धूळही बाहेर राहते. म्हणून ग्रीस बिघडलं की अनेक कामं एकदम बिघडतात.

ओल किती आत शिरते हे दुर्बीण कोणत्या काळातली आहे यावरही ठरतं. व्हिएन्नाच्या काहलेस कंपनीने १९०० च्या सुमारास ‘टेलोरार’ नावाची रायफलीची दुर्बीण बाजारात आणली. अमेरिकेत वीव्हरची ‘३३०’ ही स्वस्त दुर्बीण १९३० साली आली आणि सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात हे साधन आलं. नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती हवाबंद करायची पद्धत ल्यूपोल्ड कंपनीने १९४७ मध्ये आणली. तिच्या आधीच्या आणि नंतरच्याही अनेक स्वस्त दुर्बिणी उघड्या श्वासाच्या आहेत. दिवसा तापल्या की आतली हवा बाहेर पडते, रात्री निवल्या की बाहेरची हवा आत येते आणि तिच्याबरोबर ओल येते. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, धानाच्या बांध्यांत महिनोन्‌महिने पाणी उभं असतं. अशा हवेत चामड्याच्या पेटीत बंद असलेल्या दुर्बिणीची अवस्था सांगायला नको.

चार कारणं

कडी जाम होण्याची कारणं चारच, पण प्रत्येकाचं औषध वेगळं.

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे वाळलेलं ग्रीस. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण यांचं मिश्रण. वर्षं गेली की तेल पाझरतं, थोडं उडतं, उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंक होतो. मागे राहतो तो साबणाचा मेणचट, पिवळट थर. यात आपल्याकडची एक सवय भर घालते: घरात असेल ते तेल सोडायची. विदर्भात जवसाचं तेल घरोघरी असे आणि तेच सर्वांत घातक. जवसाचं तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंगात आणि वॉर्निशात वापरतात. करडईचं तेलही याच जातीचं. खोबरेल वाळत नाही, पण साधारण २४ अंशांखाली गोठतं. थंडीत कडी जाम आणि उन्हाळ्यात मोकळी असा खेळ त्यामुळे होतो. आजोबांनी कौतुकाने सोडलेलं तेल नातवाच्या हाती डिंक होऊन येतं.

दुसरं कारण धातूंची आपसांतली चढाओढ. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं आणि जुन्या मोजणी यंत्रांचा देहही पितळेचाच असे. पितळेवर पितळ असेल तर ग्रीसमधल्या आम्लांशी तांब्याचा संयोग होऊन हिरवा, मेणासारखा थर जमतो. तो घाण दिसतो पण सुटायला सोपा असतो. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये घामाची किंवा पावसाची खारट ओल आली, तर मात्र एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याचं पांढरं ऑक्साईड मूळ धातूपेक्षा सव्वापटीहून अधिक जागा घेतं. आट्यांच्या इवल्या फटीत ते फुगलं की कडी आतूनच पाचर मारल्यासारखी बसते.

तिसरं कारण मार. दुर्बीण पडते, कडीला पोचा बसतो, गोल कडी किंचित लंबगोल होते. आता ती एका जागेपर्यंत फिरते आणि दर वेळी तिथेच अडते. इथे कितीही रॉकेल सोडलं तरी फरक पडत नाही.

चौथं कारण खरं तर बिघाडच नाही. कारखान्याने किंवा जुन्या कारागिराने कडी मुद्दाम बांधलेली असते. कडीच्या कडेला वाळूच्या कणाएवढा ग्रब स्क्रू असतो, वर रंग भरून तो झाकलेला असतो. किंवा आट्यांवर लाखेचा थेंब सोडलेला असतो, म्हणजे हादऱ्याने जागा बदलू नये. ही लाख तीच, जिचे किडे पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर वाढतात. ती रॉकेलमध्ये विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते आणि ऊब मिळाली की मऊ होते. आठवडाभर तेल सोडूनही जी कडी हलली नाही, ती स्पिरिटच्या दोन थेंबांनी सुटते, ती या कारणाने.

आधी निदान

दुर्बीण रायफलीवर असेल तर पहिली गोष्ट रायफलीची. ती परवानाधारकानेच हाताळावी, रिकामी आहे याची स्वतः खात्री करावी आणि दुर्बीण उतरवून मगच टेबलावर घ्यावी. बंदुकीच्या दुरुस्तीचा धंदा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याखेरीज करता येत नाही. त्यामुळे माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारी पकड, काढणं जमत नसेल तर ते काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडे न्यावं. आपल्याला काम करायचं आहे ते फक्त नळीवर.

मग चांगल्या उजेडात, हातभिंग घेऊन कडीच्या दोन्ही कडा पाहाव्यात. रंगाचा बारीक गोल ठिपका दिसला तर तो लाकडी दातकोरणीने खरवडावा. खाली स्क्रूची खाच निघते का ते कळेल. पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियमचा गंज, हिरवट मेण दिसलं तर पितळेचा. कडीच्या काठावर तपकिरी, काचेसारखी चकाकी असेल तर लाख किंवा वॉर्निश समजावं.

यानंतर हाताने हलका पीळ द्यावा आणि काय जाणवतं ते नीट लक्षात घ्यावं. रबरासारखं थोडं जाऊन परत येत असेल, तर ग्रीस वाळलं आहे. भिंतीला टेकल्यासारखं अजिबात हलत नसेल, तर स्क्रू, लाख किंवा गंज. थोडं फिरून ठरावीक जागी अडत असेल, तर पोचा किंवा कडीची मुळातली शेवटची मर्यादा. कुरकुर ऐकू येत असेल तर आत वाळू आहे. अशी कडी कोरडी फिरवत राहिलं तर आटे खरवडले जातात. वैशाखातल्या दुपारी हलणारी आणि पौषात जाम होणारी कडी असेल, तर प्रश्न ग्रीसचा किंवा गोठणाऱ्या तेलाचा आहे.

काम सुरू करण्याआधी कडी आणि नळी यांवर मिळून एका रेषेत कागदी टेपचे तुकडे चिकटवून पेन्सिलीने खूण करावी आणि मोबाइलवर फोटो काढावा. सुटताना कडी किती हलली हे या खुणेवरूनच कळतं. डोळ्याला अर्धा मिलिमीटर जाणवत नाही.

थेंब, ऊब आणि वेळ

द्रावकाची निवड कारणावरून ठरते. ग्रीससाठी रॉकेल चालतं. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ फार लवकर पेट घेते. लाखेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा स्पिरिट. गंजासाठी बाजारात मिळणारं भेदक तेल. ॲसिटोन म्हणजे नखांचा रंग काढायचा द्रव. तो दुर्बिणीचा रंग, रबर आणि प्लॅस्टिक तिन्ही खातो, म्हणून दूर ठेवावा. पितळ दिसलं की चिंच आणि लिंबू आठवतात, पण भांड्याचा न्याय यंत्राला लावू नये. आम्ल आट्यांत शिरून राहतं आणि सावकाश धातू खातं. वर कोरलेले आकडेही पुसट होतात.

द्रावक फवारायचं नाही, हा नियम मोडू नये. फवारा भिंगांपर्यंत जातो आणि तिथे दोन गोष्टींची वाट लावतो. जुन्या जोडभिंगांमधला चिकट थर कॅनडा बाल्सम या राळेचा असतो. द्रावकाने आणि उष्णतेने तो सुटतो, भिंगाच्या कडेपासून आत धुरकटपणा पसरतो. दुसरी गोष्ट फुली. कित्येक जुन्या दुर्बिणींत आणि मोजणी यंत्रांत ती बारीक तारेची, तर काहींत कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याची असते. द्रावकाचा ओघळ किंवा हवेचा जोराचा झोत तिला तोडायला पुरेसा आहे.

म्हणून शिवणकामाच्या सुईच्या टोकावर थेंब घ्यावा आणि कडीच्या फटीला टेकवावा. फट इतकी अरुंद असते की केशाकर्षणाने द्रव आपसूक आत ओढला जातो. दुर्बीण आडवी ठेवून, ज्या भिंगाजवळ काम चालू आहे ते टोक किंचित वर उचललेलं असावं. मग जादा द्रव भिंगाकडे ओघळत नाही. कडीभोवती सगळीकडून सारखे थेंब द्यावेत, कपडा गुंडाळून ठेवावा आणि एक रात्र जाऊ द्यावी. वाळलेलं ग्रीस तासाभरात विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. जुनी, ओल खाल्लेली कडी आठवडाभर वेळ घेऊ शकते आणि त्यात काही चुकलेलं नसतं.

मग ऊब. इथे थोडं गणित कामी येतं. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनियम दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पितळ १९ आणि पोलाद १२. समजा ४० मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची कडी पोलादी नळीवर आहे आणि दोन्ही ३० अंशांनी तापवल्या. कडीचा व्यास नळीपेक्षा साधारण १३ मायक्रॉनने जास्त वाढेल. हे अंतर केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढंच आहे, पण आट्यांतली चिकट पकड सुटायला ते पुरतं. शिवाय उबेने ग्रीस आणि लाख दोन्ही मऊ होतात.

पण हेच गणित उलटंही फिरतं. बाहेरची कडी पितळेची आणि आतला भाग ॲल्युमिनियमचा असेल, तर सगळं एकत्र तापवल्यावर आतला भाग जास्त फुगतो आणि कडी आणखी आवळते. अशा वेळी फक्त बाहेरची कडी पटकन गरम करावी आणि आतला भाग तापायच्या आत पीळ द्यावा. तापवायला केस वाळवायचा ड्रायर पुरे. धातू हाताला चटका न बसता धरता येईल इतकाच गरम असावा. मेणबत्ती, गॅस, सोल्डरिंगचं यंत्र यांतलं काहीही नको, कारण कॅनडा बाल्समला ते सोसत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा उपायही करू नये. थंड नळीवर आतून दव धरतं आणि जी ओल काढायची तीच आपण भरतो.

पकड कशी असावी

लोणच्याच्या बरणीचं पातळ पत्र्याचं झाकण दोन बोटांनी जोरात दाबलं की ते उघडत नाही, उलट अडतं. दुर्बिणीच्या कडीचं तेच होतं. तिची भिंत दीड-दोन मिलिमीटरची. पकडीने दोन बाजूंनी दाबली की ती लंबगोल होते आणि आतल्या आट्यांना दोन ठिकाणी चावते. जितकं दाबावं तितकी ती घट्ट होते. वर पकडीचे दात कडीवर कायमचे उमटतात ते वेगळंच.

म्हणून दाब सगळ्या घेरावर सारखा हवा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कडीभोवती दोन वेढे घट्ट गुंडाळावी आणि तळहाताने धरावी. नळीलाही अशीच पट्टी. नळी व्हाइसमध्ये दाबू नये. धरायचीच असेल तर लाकडाच्या ठोकळ्याला नळीच्या मापाचं भोक पाडून, तो मधोमध चिरून, आतून चामडं लावून धरावी. जवळच्या आयटीआयमध्ये शिकलेला एखादा फिटर किंवा सुतार असा ठोकळा सहज करून देईल.

पीळ देताना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सैल करायच्या दिशेने. असं पुढे-मागे केल्याने थर तडकतो आणि द्रावकाला नवी वाट मिळते. नेत्रिकेपुढची पातळ कडी असेल तर ती आधी नेत्रिकेपासून दूर सोडवावी. दोन्ही एकमेकींना आवळून बसलेल्या असताना नेत्रिका फिरवणं व्यर्थ आहे. टेपवरची खूण केसभर जरी सरकली तरी थांबावं, पुन्हा थेंब द्यावा, पुन्हा पुढे-मागे करावं. पहिल्या हालचालीनंतर उत्साहाने जोर लावला की सुटलेला चुरा आट्यांत गोळा होतो आणि कडी पुन्हा बसते, या वेळी कायमची.

सावकाशपणाचं या कामात काय मोल आहे, याचं मोठं उदाहरण भारताच्या मोजणीच्या इतिहासात आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. त्यांचा लंडनच्या कॅरी या कारागिराने घडवलेला मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या घरात वजनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर तो वर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि अंशांचं वर्तुळ वाकडं झालं. बदली यंत्र इंग्लंडहून यायला फार काळ लागला असता. लॅम्बटन यांनी यंत्र पूर्ण उघडलं आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून, सुमारे सहा आठवडे थोडं थोडं ओढत वर्तुळ पुन्हा गोल केलं. त्याच यंत्राने पुढे मोजणी चालू राहिली. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर विदर्भातच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात सर्वेक्षणाच्या यंत्रांची दुरुस्ती अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन या कारागिराच्या हाती आली आणि १८४३ मध्ये त्यांची सर्वेक्षण खात्याचे यंत्रनिर्माते म्हणून नेमणूक झाली. हे काम भारतीय हातांना नवं नाही.

घुंड्यांचा स्वभाव वेगळा

नेम जुळवणाऱ्या घुंड्यांना नेत्रिकेच्या कडीचे उपाय जसेच्या तसे लावू नयेत. त्यांच्याखाली स्क्रू असतो आणि तो फुलीच्या चौकटीला किंवा आतल्या नळीला ढकलतो. समोरून स्प्रिंग त्याला परत रेटत असते. १९५० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक दुर्बिणींत फुलीच दृष्टिक्षेत्रात सरकत असे, म्हणून नेम जुळवल्यावर ती मध्यापासून ढळलेली दिसते. हा दोष नव्हे, त्या काळची रचनाच तशी होती.

घुंडी अडली की आधी तिची टोपी आणि बाजूचे क्लॅम्प स्क्रू पाहावेत. काहींत मध्ये नाणं बसेल अशी खाच असते. द्रावक इथे शक्यतो वापरूच नये. तो थेट फुलीवर उतरतो. हलकी ऊब द्यावी आणि खाचेत नीट बसणाऱ्या पात्याने पुढे-मागे करावं. सैल पात्याने खाच फाटते. घुंडी एका टोकाला अडली असेल तर ती मर्यादेवर असू शकते. तिथून पुढे जोर लावला तर आतला स्क्रू स्प्रिंगमधून निसटतो.

घुंडी सुटल्यावर दुर्बीण दोन लाकडी ठोकळ्यांवर पक्की ठेवून दूरच्या देवळाच्या कळसावर किंवा मोबाइल टॉवरच्या टोकावर लावावी आणि एक-एक घर, म्हणजे घुंडीचा एक-एक ‘टिक’, फिरवून पाहावं. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) घराला १०० यार्डांवर फुली साधारण ७ मिलिमीटर सरकली पाहिजे. घरं वाजतात पण फुली हलत नाही, किंवा दोन-तीन घरांनंतर एकदम उडी मारते, असं झालं तर आतली स्प्रिंग थकली आहे. सूर्याच्या दिशेला दुर्बीण कधीही करू नये. क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो.

सुटल्यानंतरचं काम

सुटलेली कडी तशीच पुन्हा बसवली तर काही महिन्यांत ती परत जाम होईल. जुनं ग्रीस पूर्ण काढावं लागतं. कडी पूर्ण बाहेर काढताना आटे ज्या क्षणी सुटतात ती जागा टेपवर खुणेने नोंदवावी. पटकन फोकस व्हावा म्हणून कित्येक नेत्रिकांत आट्यांच्या दोन, तीन किंवा अधिक सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीने बसवलं तर कडी फिरते छान, पण फोकस जागेवर येत नाही.

आटे लाकडी काडीला सुती कापड गुंडाळून पुसावेत. तारेचा ब्रश पितळेला आणि ॲल्युमिनियमला ओरखडे पाडतो. गंजाचे खड्डे पडले असतील तर ते घासून सपाट करायच्या भानगडीत पडू नये. फट वाढली की कडी डुगडुगते. मग नवं ग्रीस, तेही अगदी पातळ. दुर्बिणी आणि कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी वेगळं ग्रीस मिळतं. ते नसेल तर लिथियम ग्रीसचा पुसट थर. गाडीच्या बेअरिंगसारखं भरून लावलं तर उन्हाळ्यात ते ओघळून भिंगावर येईल.

काही दुर्बिणींना घरी हात लावू नये. नायट्रोजन भरलेल्या बंद दुर्बिणीची कडी काढली की वायू जातो आणि पुढच्या पावसाळ्यात आतून धुकं धरतं. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची बाहेरची कडी सोडवायला हरकत नाही, पण लोलकांचं झाकण उघडू नये. दोन्ही बाजू पुन्हा एका रेषेत आणायला खास उपकरण लागतं. ज्या दुर्बिणीवर जुन्या सैन्याच्या किंवा नामांकित कारखान्याच्या खुणा आहेत, तिचे मूळ स्क्रू आणि मूळ रंग हेच तिचं मोल. ती जाणकाराकडे न्यावी.

कडी जाम होण्याच्या या कारणांना सगळ्यांत जास्त वाव देतं ते मात्र न वापरणंच. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं आणि तिथे ती महिनोन्‌महिने पडून राहतात. घरी आल्यावरही कपाटातच जातात. दुर्बीण चामड्याच्या पेटीत ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि भिंगावर बुरशी वाढवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. डांबरगोळ्या आणि कापूर नकोत, त्यांच्या वाफेचा थर काचेवर बसतो.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रं व अवजारं पुजायची आपली रीत आहे. हळदकुंकू आणि पाणी दुर्बिणीच्या पेटीला लावा, कड्यांना नको. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हा त्याच दिवशी कोरड्या कापडाने नळी पुसा, प्रत्येक कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा फिरवा आणि पुन्हा जागेवर आणा. रायफलीवरची दुर्बीण असेल तर घुंड्यांचे आकडे आधी लिहून ठेवा. वर्षातून एवढं केलं, तर तुमच्या दुर्बिणीला सुई, स्पिरिट आणि ड्रायरची गरजच पडणार नाही.